न फसफसणारा दगड

"आमचा स्मिथसोनाइटचा दगड कुणीतरी बदललाय," खनिज संग्रहालयाच्या बाई खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाल्या. "आणि संचालक पाच वाजता पोलिसांना बोलावणार आहेत. काकांवर संशय आहे त्यांचा."

काका म्हणजे तिथले सहायक. एकतीस वर्षं दगड पुसत आलेले आणि आठ दिवसांनी निवृत्त होणारे.

वहिनींनी चष्मा चढवला. गुप्तहेर वहिनी, आणि टिपणं घ्यायला त्यांचे दीर. भाऊजी पोस्टातून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांना रहस्याचा नाद लागला होता. उत्तर मात्र त्यांना नेहमी सगळ्यांच्या नंतर सापडायचं.

"बदलला हे कशावरून?" वहिनींनी विचारलं.

"दरवर्षी नव्या मुलांसमोर मी दगडाच्या पाठीवर कोमट आम्लाचा थेंब टाकते. स्मिथसोनाइट फसफसतो. काल ढिम्म! तसाच निळसर दिसणारा हेमिमॉर्फाइट असतो. त्यातही जस्तच, पण तो फसफसत नाही. कपाटाची किल्ली फक्त माझ्याकडे आणि काकांकडे. काका चोर असतील तर मला माणसं कळतच नाहीत म्हणायचं."

संग्रहालयात दगड आपल्या कोरीव लाकडी बैठकीत बसला होता. वहिनींनी तो उचलला, पुन्हा ठेवला. खाचेत टच्च बसला. मग तराजूवर ठेवला.

"बैठकीवरच्या चिठ्ठीवर आठशे ऐंशी ग्रॅम लिहिलंय. भरतोय आठशे ब्याऐंशी."

"दोन ग्रॅम जास्त?" भाऊजी म्हणाले. "भलताच उदार चोर दिसतोय!"

मग काका आले. मान ताठ होती.

"मी एक खडासुद्धा घरी नेलेला नाही."

"दगड साफ कशाने करता?" वहिनींनी विचारलं.

काकांनी नजर पायांकडे वळवली. "कोरड्या कुंचल्यानं. बाईंचा नियमच आहे तसा."

खिडकीत डब्यात एक कुंचला होता. भाऊजींनी तो सहज तळहातावर फिरवला आणि हात झटकला. "अहो, हा कुंचला की काटेरी फांदी?"

यानंतर रत्नपारखी. या गृहस्थांनी दगड दोनदा विकत मागितला होता आणि परवाच तो दहा मिनिटं हातात धरून बघितला होता.

"चोरला असता तर खिशात घातला असता ना?" ते हसले. "मग पँट दारापर्यंतसुद्धा टिकली नसती. काय जड आहे हो! एवढाच हेमिमॉर्फाइट मी एका हाताने झेलतो. हां, एक सांगतो. यंदा तो जरा जास्तच चकाकतोय."

वहिनी शेजारच्या तपकिरी दगडाकडे वळल्या. "हा कोण?"

"स्फॅलेराइट," बाई म्हणाल्या. "जस्त आणि गंधक. आम्ल टाकलं की कुजक्या अंड्यांचा वास येतो."

"टाका थेंब."

भाऊजींनी नाक घट्ट दाबलं. अर्धं मिनिट गेलं. त्यांनी हळूच एक नाकपुडी उघडली. वास नव्हता.

"दोन्ही बदलले!" ते ओरडले. "वहिनी, टोळी आहे टोळी!"

"उलट, एकही बदलला नाही," वहिनी शांतपणे म्हणाल्या.

चार वाजून गेले होते. वहिनींनी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं.

"खाच दगडाच्या मापाची आहे, आणि दगड तिच्यात अचूक बसतो. म्हणजे आकार तोच. हेमिमॉर्फाइट वजनाने हलका. एवढ्या आकाराचा असता तर सातशेच्याही आत भरला असता. हा आठशे ब्याऐंशी भरतो. म्हणून हा स्मिथसोनाइटच, आणि तोही आपलाच."

"मग फसफसला का नाही?" बाईंनी विचारलं.

"आम्ल त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. स्फॅलेराइटचंही तेच. दोघांच्या अंगावर काहीतरी आहे. त्याचंच वजन दोन ग्रॅम, त्याचीच ही चकाकी. आणि कोरड्या धुळीने कुंचल्याचे केस असे ताठ होत नाहीत. ते व्हार्निशने होतात. खरं ना, काका?"

काकांनी मान डोलावली.

वहिनींनी दोन्ही दगडांच्या पाठी सुईने जराशा खरवडल्या. कोमट थेंब पडला आणि स्मिथसोनाइट फसफसायला लागला. दुसरा थेंब पडला, आणि सगळे नाक धरून खिडकीकडे पळाले. भाऊजी सर्वात पुढे होते.

"माझ्यामागे कुणी धूळ पुसेल की नाही, कोण जाणे," काका पुटपुटले. "म्हटलं, जाण्याआधी व्हार्निशचा एक हात मारून ठेवावा. दगड जन्मभर चमकतील. नियम मोडला म्हणून बाई रागावतील, म्हणून बोललो नाही. त्यामुळेच थेंब फसला, हे मला कुठं ठाऊक? मला वाटलं, खरंच कुणी चोरला."

बाईंनी आधी संचालकांना फोन केला. तीन वाक्यांत पोलीस रद्द झाले.

"किती दगडांना लावलंत, काका?"

"सगळ्यांना. तीनशे चाळीस."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "काका, तुमच्यावर संशय येऊ दिला मी. माफ करा मला."

"अहो, माफी कसली मागता?" काका घाबरून म्हणाले. "आधी ओरडा तरी! एकतीस वर्षं ओरडत आलात, आज गप्प बसलात तर मला झोप लागायची नाही."

मग बाई ओरडल्या. अगदी मनापासून, मजल्यावरची सगळी दारं उघडेपर्यंत. आणि काका दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले.