सात बोटं चिखल

कोंडसुर्‍याच्या खाडीतल्या तरंगत्या प्रयोगशाळेत डॉ. यामिनी रेडकर सकाळपासून एकाच आलेखाकडे बघत बसल्या होत्या. आलेख काही बदलत नव्हता. बदलणार तरी कसा? बारा वर्षांची मोजमापं ती, आणि एकूणएक आकडा त्यांनी स्वतः तपासलेला.

गावापुढचं कांदळवन त्यांनीच लावलं होतं. जिवंत बांध म्हणत त्याला. समुद्र चढेल तशी ही झाडं जमीनही चढवत नेतील, असा त्यांचा दावा होता.

"उपग्रह सांगतोय, समुद्र वर्षाला आठ मिलिमीटर चढतोय," मुख्य अभियंता हेमंत कुडाळकर म्हणाले, "आणि तुमचा चिखलात रोवलेला पातळीदांडा सांगतोय, जमीन फक्त तीन. झाडं हरली, मॅडम. सोमवारी तोड सुरू करतो आणि भिंत बांधायला घेतो. तेवढी सही द्या."

कुडाळकर काही वाईट माणूस नव्हते. भिंतीने निदान गाव वाचेल, हे त्यांचं म्हणणं यामिनीबाईंना खोडता येईना. पण पोटच्या पोरासारखं वाढवलेलं रान कापायचं, म्हटल्यावर हात उचलेना. "एकदा बघून येते," म्हणत त्या ओहोटीच्या चिखलात उतरल्या.

वनाच्या मधोमध जुन्या जेट्टीचा खांब होता, खालच्या कातळात रोवलेला. तिथे इंदूमावशी खवळे कोयतीने कालवं काढत होत्या. तीस वर्षं याच खांबावर त्यांचा संसार चालला होता. जमीन चढली नाही म्हणून तोड होणार, हे ऐकून त्यांनी कोयती खाली ठेवली.

"जमीन चढूक नाय? मगे माझी खालची कालवां खंय गेली?" त्यांनी खांबालगत चिखलात हात खुपसला आणि गाडली गेलेली शिंपल्यांची रांग यामिनीबाईंना चाचपायला लावली. "झाडां लावलास तेव्हा चिखल हयसर होतो. आता सात बोटां वर."

सात बोटं म्हणजे बारा सेंटिमीटर. दांड्यावर जेमतेम दोन बोटं दिसत होती.

"मावशी, दांडा खोटं कशाला सांगेल?"

"तुझो दांडो खंय उभो हा?"

"कांदळाच्या मुळांत," यामिनीबाई म्हणाल्या.

"होडयेत बसान भरती कळता काय गो बाय?"

यामिनीबाई धावतच परत आल्या. "वरून साचलेला गाळ दांड्याने मोजला, वर्षाला तीन मिलिमीटर," त्यांनी कुडाळकरांना सांगितलं. "पण खाली मुळं वाढतात, फुगतात, ती जमिनीला आणखी सात मिलिमीटर उचलतात. जमिनीबरोबर दांडाही उचलला जातो, मग त्याला ते कळणार कसं? कातळावर उभ्या खांबावरून मोजा. वर्षाला दहा. समुद्र आठ."

कुडाळकरांनी स्वतः टेप घेतली. दोनदा मोजून, गुडघाभर चिखल घेऊन ते परतले, ते हसतच. "चुकलात, मॅडम. फार बरं झालं." मग त्यांनी विचारलं, "पण दांडा कातळापर्यंत का नेला नाही?"

"मुळं दुखावतील म्हणून. मीटरभरच रोवायचा, हा नियम माझाच. माझ्या पुस्तिकेत छापलाय. किनार्‍यावर एकेचाळीस खाड्यांत तसाच रोवलाय."

"आणि एकेचाळीसही ठिकाणी वनं हरल्याचा निकाल आहे," कुडाळकर सावकाश म्हणाले, आणि त्यांनी फोन उचलला.

संध्याकाळपर्यंत चाळीस खाड्यांतली तोड थांबली. यामिनीबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. एकेचाळिसाव्या खाडीचं उत्तर शेवटी आलं. तिथलं वन मागच्याच महिन्यात तोडलं होतं आणि तोडीच्या कागदावर सही यामिनीबाईंची होती. त्या पुन्हा खांबाकडे गेल्या आणि त्यांनी भरल्या डोळ्यांनी ते इंदूमावशींना सांगितलं.

मावशींनी टोपली रिकामी केली. मग त्या कांदळाखाली वाकल्या आणि पडलेल्या लांब हिरव्या शेंगा गोळा करू लागल्या. "रडान काय होतला? हयसर शेंगांचो सडो पडता. लागतीत तितक्यो थंय लावूक घेवन जा."

यामिनीबाईंनी पदर खोचला आणि दुसरी टोपली घेतली.