अखंड मायफळ

माझ्या मुलीच्या डोक्यात उवा नाहीत, ती समजूत आधी काढून टाका. तिच्या केसांतून मी सारखी बोटं का फिरवते, असं तुम्ही विचारलंत. लाइट गेलेच आहेत, तर सांगते. ती मेणबत्ती जरा अलीकडे घ्या.

सुरुवात बाळघुटीच्या सामानापासून करावी लागेल. माझ्या सासूबाई, रखमाबाई, अंबरनाथला शिवमंदिराकडे राहतात. पण घुटीचं सामान घ्यायचं ते उल्हासनगरच्या एका ठरावीक दुकानातूनच, असा त्यांचा हट्ट. मला नववा महिना लागलेला, पाय सुजलेले, आणि या बाई दुकानात बसून वेखंड हुंगतायत, हळकुंडं एकमेकांवर वाजवून बघतायत. मायफळं तर त्यांनी एकेक करून तळहातावर फिरवली. बोराएवढी, करडी, अंगावर खडबडीत टेंगळं. काहींना बारीक भोक होतं.

"भोकाचं नको रे बाबा," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "भोकाचं हलकं. अखंड दे."

"माताजी, बिना छेदवाला कम आता है," असं म्हणत त्याने पोत्याच्या तळाशी हात घातला आणि एक काढलं. "ये लो. इसका मालिक अभी अंदर ही है."

तो हसला. मीही हसले.

आमच्या घरात असल्या गोष्टींना थारा नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा देव्हाऱ्यातल्या देवांबरोबर पिंपळावरचे मुंजेही बाहेर काढले, असं ते सांगायचे. त्यामुळे हे मी विक्रांतलासुद्धा, म्हणजे माझ्या नवऱ्यालासुद्धा, कधी सांगितलेलं नाही.

यशोधरा झाली तेव्हा आम्ही चिखलोलीला नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. बिल्डिंगमध्ये मोजकी बिऱ्हाडं, बाकी सगळ्या दारांना कुलपं. सासूबाई माझ्या मदतीला येऊन राहिल्या. रोज आंघोळीनंतर त्या सहाण मांडून बसत, माझ्या दुधात एकेक मुळी उगाळत, आणि यशू ते काळपट चाटण मिटक्या मारत चाटे.

एकदा आमच्या कॉलेजातले वनस्पतिशास्त्राचे चिंतामणी सर बाळाला बघायला आले. मी इंग्रजी शिकवते. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कवितेत ओक येतोच, आणि मी फळ्यावर लिहिते, ओक म्हणजे बळ, ओक म्हणजे टिकून राहणं. राजाचं झाड, विजेचं झाड, ज्याच्या खोडात कुणाचातरी आत्मा कोंडलेला असतो ते झाड. प्रत्यक्ष मात्र मी ओक कधी पाहिलेला नव्हता, आणि तसं मी सरांना नेहमी बोलून दाखवायची.

त्या दिवशी सरांनी सहाणेवरचं मायफळ उचललं. "घ्या मॅडम, तुमचा ओक."

"हे ओकाचं फळ आहे?"

"फळ नव्हे, गाठ. एक बारीक माशी ओकाच्या फांदीत अंडं घालते. मग झाड त्या अळीभोवती आपल्याच अंगातून ही खोली बांधतं. तिला आत खाऊही घालतं. मोठी झाली की ती भोक पाडून निघून जाते."

"आणि झाड हे सगळं का करतं?"

"त्याला वाटतं, ते आपलंच आहे." सरांनी मायफळ खाली ठेवलं. "हिला भोक नाही. म्हणजे आतली आतच राहिली बिचारी. वाळून गेली असेल."

त्यानंतर घुटीच्या डब्यातून मधूनच कुरतडल्यासारखा आवाज येऊ लागला. डब्यात खारीक होती, बदाम होते. खारकेला कीड लागली असेल, असं मी धरून चालले.

यशू तीन महिन्यांचीही नव्हती, तेव्हाची गोष्ट. सासूबाई हेंद्रेपाड्याला बहिणीकडे मुक्कामाला गेल्या होत्या. दुपारपासून यशूचं पोट बिघडलं. डॉक्टर संध्याकाळी सातला बसायचे, विक्रांत कंपनीतून आला की आम्ही निघणार होतो. तोवर ती किरकिर करत राहिली. मी घाबरून सासूबाईंना फोन लावला.

"मायफळाचे दोन वेढे जास्त दे, बाय. आकसून धरतं ते. घाबरू नको."

सहाण घेऊन मी बेडरूममध्ये आले. बाहेर आभाळ भरून आलेलं, अंधारून आलं होतं. डास येऊ नयेत म्हणून दार-खिडकी लावून घेतली. यशूला गोधडीवर ठेवलं आणि शेजारी बसून उगाळायला लागले. तिच्या टाळूकडे माझं सारखं लक्ष जात होतं. मऊ जागा ती, रडताना धपधप उडत होती. सासूबाई रोज तिथे तेल जिरवायच्या.

उगाळता उगाळता बोटांखाली काहीतरी मोकळं झालं. आणि लाइट गेले.

लोडशेडिंगची सवय होती. मेणबत्ती स्वयंपाकघरात होती. मी उठले, दोन पावलांवर दार, म्हणून हात पुढे केला. हाताला भिंत लागली. उजवीकडे सरकले, तिकडेही भिंत. कपाट लागायला हवं होतं, स्विचबोर्ड लागायला हवा होता. काही लागेना. भिंत नुसती गुळगुळीत, आणि कोमट.

वास येत होता. ताज्या तासलेल्या लाकडाचा, जुन्या शाईचा. जीभ आवळून आली, कच्चं केळं चावल्यासारखी.

मी भिंतीला धरून चालत राहिले, आणि मग मला कळलं की मला कोपरा लागलेलाच नाही. चौकोनी खोली ती, कोपरा लागणारच. मी चालतेय, चालतेय, आणि भिंत हाताखाली सावकाश वळत जाते…

"यशू…"

रडणं थांबलं होतं. हवा हलत नव्हती. मी श्वास धरून ऐकलं. तिचा श्वास ऐकू येत होता, पण भिंतीपलीकडून. माझी लेक पलीकडे होती, आणि मी इथे कोंडले होते. मी भिंतीवर हात आपटले, नखांनी ओरबाडलं. ओरडले असेन, पण आवाज माझ्याच कानांत परत आला. इतकी असहाय मी आयुष्यात झाले नव्हते. मग भिंतीच्या आत, अगदी माझ्या तळव्यांखाली, कुणीतरी कुरतडायला लागलं. घाई नव्हती त्याला…

"अस्मिता! अगं, कडी काढ ना!"

विक्रांतचा आवाज. त्याच क्षणी लाइट आले.

मी दारापाशी नव्हते. गोधडीवर गुडघे टेकून बसले होते, आणि माझे दोन्ही तळवे यशूच्या डोक्याभोवती होते. ती शांत डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. तिच्या ओठांना काळपट चाटण लागलं होतं. मी तिला घुटी चाटवल्याचं मला आठवत नाही.

सहाण चाटून पुसून स्वच्छ होती. तिच्यावर मायफळ पडलं होतं. झिजलेल्या बाजूने आतली खोली उघडी पडली होती, वाटाणा मावेल एवढी. वाळलेली अळी नव्हती, काहीच नव्हतं. बाहेरून भोकही नव्हतं.

यशूचे जुलाब त्या रात्रीच थांबले. डॉक्टरकडे जायची गरज पडली नाही, म्हणून विक्रांत खूश होता.

दुसऱ्या दिवशी सासूबाई परत आल्या. आंघोळीआधी तेलाची वाटी घेऊन बसल्या, टाळूवर तेल ओतलं, आणि त्यांचा हात थांबला. तेल जिरेना. कपाळावरून ओघळून कानात गेलं.

"अगं, टाळू भरली हिची," त्या म्हणाल्या. "परवापर्यंत लोण्यासारखी होती…"

मी बोट लावलं. कडक. डॉक्टरांनी नंतर डोक्याचं माप घेतलं, वाढ ठीक आहे म्हणाले, काही मुलांची लवकर भरते म्हणाले. घुटीचा डबा मात्र सासूबाईंनी स्वतः नेऊन उल्हास नदीत टाकला.

यशू आता चार वर्षांची आहे. तिला आजवर साधी सर्दी झालेली नाही. बालवाडीत घसरगुंडीवरून आपटली, तरी रडली नाही. पोरगी दणकट आहे, असं विक्रांत चारचौघांत सांगतो. कॉलेजात मी अजूनही ओक म्हणजे बळ असंच शिकवते. ते बळ कुणासाठी, हे मुलं विचारत नाहीत.

मला तिची भीती वाटत नाही. माझीच आहे ती, माझा जीव आहे तिच्यावर. तिला काय हवं-नको ते मी बघते, पोटभर खाऊ घालते. फक्त रात्री ती कुशीत झोपली, की तिच्या डोक्याला कान लावल्यावर तो आवाज येतो. बारीक, सावकाश. पूर्वीपेक्षा आता जरा जवळून येतो. आणि रोज सकाळी वेणी घालायच्या आधी मी बोटांनी तिचं सगळं डोकं चाचपून बघते.

अजून अखंड आहे.