दांड्यावरचा निळा शर्ट

घरात पोलाद आलं की घराला शिस्त लागते, आणि मनगटात जोर आला की जिभेवर आपोआप ताबा येतो, असं निरीक्षकाचं ठाम आणि अनुभवसिद्ध मत होतं. मत त्यानं पुल-अप स्टेशनच्या जाहिरातीत वाचलं होतं. अनुभव म्हणाल तर तो जाहिरातीतल्या माणसाला आलेला होता. निरीक्षकानं ते सगळं सोफ्यावर आडवं होऊन, पोटावर फोन उभा करून वाचलं.

तो लिफ्ट तपासायचा. शहरातल्या इमारतींना लिफ्टचा दाखला त्याच्या सहीनं मिळे, किंवा मिळत नसे. बहुतेकदा मिळत नसे. केबिनमध्ये सोनेरी काठाचा आरसा, मंद संगीत, आणि वर शाफ्टमध्ये गंजलेल्या दोराच्या तारा मिशांसारख्या बाहेर आलेल्या, असं काही दिसलं की त्याचा आवाज तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एका दमात जाई. त्याला लिफ्ट लागत नसे. ऑफिसात त्याच्यामागे त्याला 'भोंगा' म्हणत. त्याला ते माहीत होतं, आणि त्याचाही त्याला राग येई.

पंचाईत अशी की भोंगा घरी आल्यावरही बंद होत नसे. गिझर चालू राहिला, भोंगा. चप्पल वाटेत पडली, भोंगा. लेकीच्या मैत्रिणी आलेल्या असताना फ्रिजचं दार नीट लागलं नाही म्हणून तो असा काही कडाडला, की पोरी हातातले पेले तसेच ठेवून निघून गेल्या. त्या दिवसापासून लेक ताट घेऊन आपल्या खोलीत जेवू लागली. कॉलेजात जाणारी मुलगी. 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' एवढ्या भांडवलावर ती बापाशी व्यवहार चालवत होती.

बायको बँकेत होती. तिला दुसऱ्या शहरात बढतीवर बदली देऊ केली होती.

"लेक माझ्याबरोबर यायला तयार आहे," ती एके सकाळी म्हणाली. "बँकेला महिनाअखेर कळवायचंय. तोवर या घरात एकदा जरी ओरडलास ना, तर मी हो कळवणार."

"मी काय उगाच ओरडतो?" तो ओरडला.

"हा धरत नाही. उद्यापासून."

"अगं, माझं कामच तसं आहे."

"मग लिफ्टना ठोक ना टाळं. आम्हाला कशाला ठोकतोस?"

म्हणून ते जाहिरातीतलं पुल-अप स्टेशन. राग कुठून तरी बाहेर काढायचा होता, आणि तोंडाचा रस्ता बंद झाला होता.

निवडीत त्यानं कसूर ठेवली नाही. दाराच्या चौकटीत अडकवायचा दांडा बाद, कारण चौकट कसल्या कंत्राटदारानं बसवली हे त्याला माहीत होतं. भिंतीत बोल्ट मारायचा प्रकार बाद, कारण भिंतही त्याच माणसाची होती. राहिलं जमिनीवर उभं राहणारं स्टेशन: वर लटकायचा दांडा, कमरेच्या उंचीवर डिप्ससाठी, म्हणजे हातांवर अंग तोलून खालीवर व्हायला, पुढे आलेले दोन हात, खाली रुंद पाय. दुकानात त्यानं खिशातून व्हर्नियर काढून पाइपची जाडी मोजायला घेतली.

"दीडशे किलो झेलतं सर," विक्रेता म्हणाला.

"स्थिर की हलतं?"

"म्हणजे?"

"नुसतं लटकणारं वजन वेगळं आणि हिसके देणारं वजन वेगळं."

विक्रेत्यानं त्याच्या पोटाकडे एकवार पाहिलं. "सर, हिसके देण्याइतपत वर गेलात की मला फोन करा."

निरीक्षकानं रागाच्या भरात दुकानातलं सगळ्यात जड मॉडेल घेतलं.

जोडणीला मेहुणा आला. मेहुण्याची मदत म्हणजे मधल्या खोलीतल्या जुन्या पलंगावर लोळून माहितीपत्रक मोठ्यानं वाचणं. इस्त्रीचं टेबल भिंतीशी सरकवून निरीक्षक फरशीवर नट, बोल्ट, वॉशर ओळीनं मांडत होता आणि घाम पुसत होता. सगळं बसलं; एक बोल्ट सोडून. भोकं समोरासमोर येईनात.

"भावजी, चित्रातला माणूस बघा कसा हसतोय," मेहुणा म्हणाला. "याचं लग्न झालेलं नसणार."

"तू गप्प बस."

"नाहीतर एक ठेवून द्या त्याला. बोल्टला म्हणतोय मी. ताईच्या घरात सगळं असंच तर सरळ होतं."

निरीक्षकाच्या मानेची शीर टरारली. बायको दारात हाताची घडी घालून उभी होती. त्यानं ओरडा गिळला. गिळताना आवाज आला. मग त्यानं पाना लावून बोल्ट असा पिळला, की तो मुकाट आत गेला.

सगळे निघून गेल्यावर त्यानं दांडा धरला आणि लटकला. बोटभरही वर जाता आलं नाही. पण एक गोष्ट झाली. दिवसभर घशात अडकलेलं ते जे काही होतं, ते खांद्यात आलं, दंडातून मनगटात उतरलं, तळव्यांशी पोचलं आणि गेलं. खाली उतरला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. त्यानं दांड्याला हात लावून पाहिला. दांडा कोमट होता. घर्षण, तो मनाशी म्हणाला. तांत्रिक शिक्षण झालेल्या माणसाला घर्षण पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडतं.

पुढे स्टेशनचं जे व्हायचं तेच झालं. वरच्या दांड्यावर बायकोचा टॉवेल आला. डिप्सच्या एका हातावर लेकीची जीन्स आली, दुसऱ्यावर उशीचे अभ्रे.

"हे व्यायामाचं आहे," निरीक्षक शक्य तितक्या हळू म्हणाला. त्या हळूपणानं त्याच्या कानशिलात ठणका उठला.

"मग कर ना व्यायाम. अभ्रे काय तुझा हात धरतायत?"

तो आत जाऊन लटकला. दांडा कोमट झाला. आणि बायकोनंही काय ओळखायचं ते ओळखून कपडे गच्चीत न्यायला सुरुवात केली.

त्यानंतर एका सकाळी दांड्यावर शर्ट होता.

आकाशी निळा, पुरुषाचा, ओला. नीट झटकून, खांद्यांच्या शिवणी जुळवून घातलेला. निरीक्षकाकडे निळा शर्ट नव्हता. त्याच्याकडे सगळे शर्ट खाकी किंवा खाकी झालेले. त्यानं मेहुण्याला फोन लावला.

"माझा शर्ट? भावजी, कपडे धुवायला मी ताईकडे कशाला येऊ? आई फुकट धुते म्हणून तर मी अजून लग्न केलं नाही."

निरीक्षकानं फोन ठेवला आणि शर्टाकडे पाहिलं. खालच्या काठाला पाणी जमत होतं आणि थेंब सुटत होता. त्यानं खाली हात धरला. तळव्यावर थेंब पडला, गार. हात काढला. फरशी कोरडी होती.

तो बराच वेळ फरशीकडे पाहत राहिला. मग त्यानं शर्ट उतरवून बादलीत फेकला, मधल्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि कामाला गेला. आपल्याला डिवचायचं, ओरडायला लावायचं, आणि मग बदलीला हो म्हणायचं, असा बायकोचा सरळसरळ डाव आहे, असं त्याचं वाटेतच ठरलं. त्या दिवशी दोन इमारतींच्या लिफ्ट बंद झाल्या.

संध्याकाळी त्यानं कुलूप उघडलं. दांड्यावर निळा शर्ट होता, शेजारी पांढरा शर्ट, आणि डिप्सच्या हातावर करड्या रंगाची पँट. तिन्ही ठिबकत होती. बादली रिकामी होती.

आता त्यानं लिफ्ट तपासावी तसा शर्ट तपासला. खांदे त्याच्याच मापाचे. बाह्या त्याच्याच. त्याचा डावा खांदा थोडा पडलेला आहे. शर्टही डावीकडे तसाच पडत होता. फरक एकच. निरीक्षकाच्या एकाही शर्टाला गळ्याचं बटण नसे. दिवसातून दोन-तीनदा मान फुगली की बटण किती दिवस तग धरणार? या शर्टाचं बटण जागच्या जागी होतं. दोऱ्याला ताणसुद्धा पडलेला नव्हता.

"हा कुणाचा?" त्यानं बायकोला विचारलं. आवाज चढला नाही.

"तुझाच की." ती वर न बघता म्हणाली. "आणि चांगला दिसतो तुला. हल्ली स्वतःचे कपडे स्वतः धुतोस, मी मुद्दामच काही बोलले नाही. म्हटलं, दृष्ट लागायची."

ती थट्टा करत नव्हती. थट्टा करताना तिचा ओठ एका बाजूला जातो.

दुसऱ्या दिवशी लेक ताट घेऊन बाहेर आली. त्याच्यासमोर बसली. निरीक्षकाचा घास हातात राहिला.

"बाबा, ते काउंटरवेटचं परत सांग ना. काल सांगितलंस तसं."

"काल?"

"काल दुपारी. तू लवकर आलास तेव्हा."

काल दुपारी निरीक्षक एका इस्पितळाच्या मशीन रूममध्ये, ग्रीसनं माखलेला, एका कंत्राटदाराची सात पिढ्यांपर्यंत विचारपूस करत होता.

"मी काय सांगितलं?" त्यानं जपून विचारलं.

"अरे, तेच की. ब्रेक सोडला तर रिकामी लिफ्ट खाली पडत नाही, वर जाते. दुसऱ्या टोकाला बांधलेलं वजन तिच्यापेक्षा जड असतं म्हणून. मी तीनदा चुकले तरी तू चिडला नाहीस." ती हसली. "आणि निळा शर्ट भारी होता."

ते अगदी बरोबर होतं. त्यानंही तसंच सांगितलं असतं. पहिल्या चुकीनंतर जरा मोठ्यानं, एवढंच.

तो मी नव्हतो, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं. समोर लेक हसत बसली होती. त्यानं तोंड मिटलं, जेवण उरकलं आणि आत जाऊन लटकला. अंगातलं हातांवाटे निघून गेलं. त्या आठवड्यात त्याचा पट्टा दोन भोकं आत गेला, आणि ऑफिसच्या जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज येईना म्हणून शिपाई दोनदा दचकला.

रविवारी सकाळी बायको चहाचा कप घेऊन त्याच्याजवळ येऊन बसली.

"मी बँकेला 'नाही' म्हणून कळवलं," ती म्हणाली. "परवा मी रडत होते, तर तू नुसता शेजारी बसलास. एक शब्द बोलला नाहीस. इतकी वर्षं झाली, तुला हे जमतं हेच मला माहीत नव्हतं रे."

ती परवा रडली होती हे निरीक्षकाला माहीत नव्हतं.

त्याला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. बायको राहणार होती, लेक बोलत होती. आणि त्यातलं काहीही त्यानं मिळवलेलं नव्हतं. कुणीतरी त्याच्या मापाचे शर्ट घालून त्याच्या सोफ्यावर बसत होतं, त्याच्या बायकोशेजारी गप्प राहत होतं, आणि हे त्याच्यापेक्षा चांगलं करत होतं. असा राग त्याला उभ्या जन्मात आला नव्हता. लेकाच्या, तुझ्या आयला, थांब तू. हेसुद्धा त्याला मनातच म्हणावं लागलं.

तो पाना घेऊन मधल्या खोलीत गेला. बाहेर स्वच्छ ऊन होतं. दांड्यावर चार शर्ट ओळीनं ठिबकत होते. ते त्यानं ओरबाडून कोपऱ्यात फेकले आणि बोल्टला पाना लावला. बोल्ट हलेना. स्वतःच पिळला होता.

त्यानं पाना टाकला. स्टेशन सगळंच्या सगळं आडवं पाडायचं म्हणून उडी मारून दांडा धरला आणि जीव खाऊन हिसका दिला.

तो वर गेला.

सहज. हनुवटी दांड्याच्या वर. दंडाला काही कळलंसुद्धा नाही. आयुष्यातला पहिला पुल-अप. क्षणभर त्याला त्या विक्रेत्याला फोन करावासा वाटला.

मग लेकीचं बोलणं आठवलं. वर काय जातं, आणि का जातं.

त्यानं हात सोडले.

तो खाली आला नाही.

तेव्हा निरीक्षक ओरडला. सगळी अट, सगळा महिना, सगळं गिळलेलं एकदम बाहेर काढून, शाफ्टच्या तळातून गच्चीपर्यंत जाईल असा ओरडला. खिडकीची काच थरथरली नाही.

बाहेर बायकोनं वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"बाबा, अजून चहा?" लेकीनं विचारलं.

"अर्धा कप," त्याच्या आवाजात कुणीतरी म्हणालं.

"आत काही वाजतंय का रे?" बायकोनं विचारलं.

"दांडा कुरकुरतोय. होईल बंद."

खुर्ची सरकली. पावलं मधल्या खोलीपर्यंत आली. कुणी आत डोकावलं नाही. दार ओढून घेतलं गेलं, अलगद, कडी न वाजवता.

सोमवारी निरीक्षक निळा शर्ट घालून, गळ्याचं बटण लावून वेळेवर कामावर गेला. त्या दिवशी त्यानं तपासलेल्या सगळ्या लिफ्ट पास झाल्या.