कु. नमिता, ३०४

पत्रपेटीची आता कचरापेटी झालीय. घणसोलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली चोवीस पेट्या आहेत, त्यातली ३०४ माझी. दुपारी बाजारातून आलो की मूठभर कागद काढायचे. झुरळं मारून देऊ, किचन बसवून देऊ, महिन्यात पोट उतरवू. अरे, मी भाजी बाजारात मापाडी आहे, पहाटेपासून गोण्या तोलतो. माझं कुठलं पोट उतरवताय? सगळं चुरगळून टोपलीत.

एक कार्ड मात्र पोस्टानं यायचं, तिकीट लावून. ‘कु. नमिता, ३०४.’ आडनाव नाही. जूनमध्ये प्लेग्रुपची जाहिरात आली. मग नर्सरीची. मग डान्स क्लास. गणपती उठले तोवर बाई दहावीच्या क्लासपर्यंत पोचल्या होत्या. खाली पत्ता दरवेळी एकच, कळंबोलीचा.

आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मूल नव्हतं.

मला वाटलं, दवाखान्यात फॉर्म भरलेले, तिथूनच कुणीतरी पत्ता विकला. नाहीतर बिल्डिंगमधलाच कुणी हरामखोर मजा घेतोय. वॉचमन श्यामसुंदरला धरलं.

"हे कोण टाकतं?"

"पोस्टमन, रणजीतभाऊ. अजून कोण?"

"माझ्या घरात आधी कुणी नमिता राहायची?"

"पहिला ताबा तुमचाच ना भाऊ. तुमच्याआधी तिथं कबुतरं राहायची."

तो हसला. मी नाही हसलो.

दोन कार्डांवर ‘ही व्यक्ती इथे राहत नाही’ लिहून पोस्टाच्या डब्यात परत टाकली. उपयोग शून्य. दिवाळी झाली आणि नवरीच्या मेकअपची जाहिरात आली. ती माझ्याआधी उज्वलाच्या हाती लागली. घरात आलो तर बायको खिडकीत बसलेली, कार्डावरच्या नावावरून बोट फिरवत.

माझं डोकं फिरलं. कार्ड ओढून घेतलं, लाल पेनानं आडवं लिहिलं: ‘मयत’. आणि खालचा कोपरा फाडला.

साताऱ्याकडे आमच्या गावात मयताची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडतात. असलं कार्ड घरात न्यायचं नाही. उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडून टाकायचं, अंगावर पाणी घ्यायचं. त्या दिवशी वाटलं, मेलेल्याला तरी काही विकणार नाहीत.

"असं नका करू हो," उज्वला एवढंच म्हणाली. मी त्याच पावली जाऊन टाकून आलो.

थांबलं. नुसतं नमिताचं नाही, सगळंच. झुरळवालेसुद्धा ३०४ सोडून बाकीच्या पेट्यांत टाकायला लागले.

संक्रांतीला उज्वलानं हातावर तिळगूळ ठेवला आणि माझा हात सोडलाच नाही.

"अहो, दिवस गेलेत. तिसरा लागलाय."

मी भिंतीला टेकलो. रडलो, खोटं कशाला सांगू.

"मुलगी झाली तर नमिता," ती म्हणाली. "शाळेत असल्यापासून ठरवलंय मी. आईलाही कधी बोलले नाही. कार्डावर बघितलं तेव्हा सांगणार होते, पण तुम्ही आधीच तापलेले."

तिळगूळ माझ्या हातात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी खाडा करून कळंबोलीला गेलो. पत्ता लोखंड बाजारातला निघाला. क्लास नाही, पार्लर नाही. पत्र्याचं शेड, पुढे ट्रक उभे.

"इथं कसला क्लास?" हातमोजे घातलेला एक माणूस म्हणाला. "वीस वर्षं झाली, आम्ही पत्रेच कापतो."

घरी आलो आणि त्याच पत्त्यावर पोस्टकार्ड लिहिलं. ‘चूक झाली. नमिता इथेच राहते. जाहिराती चालू ठेवाव्यात. रणजीत, ३०४.’ हसा. मीही दुसऱ्या कुणाला हसलो असतो.

मग रोज पेटी उघडायची. जिन्याखालच्या बाकी तेवीस पेट्या कागदांनी फुगलेल्या. माझ्या पेटीत धूळ. चोरून शेजारच्यांचे कागदही चाळले. नमिता नाही.

उन्हाळा लागला. बाळ लाथा मारायला लागलं. उज्वला माझा हात धरून पोटावर ठेवायची, "बघा, बापासारखी तापट." पाचव्यात डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं. सहाव्यातही ठीक.

मंगळवारी दुपारी पेटीत काहीतरी दिसलं.

माझंच पोस्टकार्ड.

मजकूर माझा, अक्षर माझं. वर कुणीही एक शब्द लिहिलेला नव्हता.

खालचा कोपरा नव्हता. पत्रा कापावा तसा सरळ कापलेला.

तीन जिने चढलो. दारापर्यंत गेलो. आत पाय टाकवेना. तिथंच उभं राहून कार्डाचे बारीक तुकडे केले आणि खिशात कोंबले.

दार उघडलं. उज्वला, एक हात पोटावर.

"बाहेर काय करताय? आंघोळीचं पाणी काढलंय."

"काही नाही. जाहिरात होती."

"या ना आत, हात लावून बघा जरा," ती म्हणाली. "सकाळपासून गपच आहे पोरगी."