पुंजाबाबांच्या हातचा घड

२००४च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या आमच्या रेडिएशन विभागात ललित मला पहिल्यांदा दिसला, तो वडिलांपासून चार खुर्च्या सोडून बसलेला.

"भांडण झालंय का?" मी विचारलं.

"नाही हो... त्यांच्या अंगातले किरण मला लागतील, म्हणून लांब बसवलंय."

तो हसला आणि मी, मशीन चालवणारी योगिनी, पुढच्या पेशंटचं नाव विसरले. मग रोज काही ना काही बोलणं होऊ लागलं.

वडील पुंजाबाबा पिंपळगावचे द्राक्ष बागायतदार. त्यांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरची ट्रीटमेंट निम्मी झाली, तेव्हा एका शनिवारी ते म्हणाले, "सोमवारपासून यायचं नाय. तोडणी सुरू झाली. किरणाचं अंग घेऊन बागेत गेलो तर परदेशात माल नापास व्हईल."

मी हातातली फाईल बाजूला ठेवली.

"बाबा, किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. चांगली पेशी ते बरेचसे सांधून घेते. कॅन्सरच्या पेशीला तेवढं जमत नाही... ती तुटक्या धाग्यांनिशीच दोन व्हायला जाते आणि मरते. मध्येच सोडलंत तर उरलेल्या परत वाढतील."

"ते पटलं. पर औषध मारल्यावर माल तोडायला थांबावं लागतं. तुमचे किरण किती दिस उतरत नाय?"

"मशीन बंद, की किरण बंद. अंगात काही उरत नाही."

"लॅबचा रिपोर्ट हाय?"

मी ललितकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता – त्याचा काही उपयोग नव्हता.

"उद्या बागेत येते," मी चिडून म्हणाले. "तुम्ही घड तोडा, मी खाते."

रविवारी पुंजाबाबांनी तोडलेला अख्खा घड मी संपवला. तोडणीच्या बायका काम सोडून बघत होत्या. ललितची आई बायडाबाई मात्र द्राक्षं सोडून मलाच न्याहाळत होती.

ललित पाणी घेऊन आला. "मॅडम... म्हणजे योगिनी... मला –"

"ह्याच्या तोंडून निघंस्तोवर बागेचे मनुके व्हतील," पुंजाबाबा म्हणाले. "पोरी, हा आवडतो का तुला?"

ललितचे कान लाल झाले. माझेही झाले असणार. पण मला तो आवडत होता, अगदी मनापासून.

"आवडतो," मी म्हणाले. "पण बोलणी करायला तुम्ही स्वतः आमच्या घरी यायचं. सगळी ट्रीटमेंट पुरी करून."

पुंजाबाबांनी हातातली कात्री बायडाबाईकडे दिली.

"मग उद्या मशीनवर किती वाजता येऊ?"