कानोसा

सकाळी पावणेआठला हणमंत चौगुले आरशापुढं हसायची तालीम करत होता. पंधरा पायऱ्या चढला तरी धाप लागणारा गडी, हसून हसूनच घामाघूम झाला.

"अवं, दात दाखवून काय उपेग? त्याला डोळं न्हाईत, नुसतं कान हाईत," त्याची बायको कलावती चुलीपासून ओरडली.

खरं होतं ते. खिडकीतल्या त्या डबीचं नावच कानोसा. नव्या हृदयासाठी यादीत नाव असलेल्या प्रत्येकाच्या घरी ती बसवलेली. रोज आठला विचारायची, कसं वाटतंय. मग आवाजातला कंप, दम, दोन शब्दांमधली पोकळी मोजून मनाची उभारी सांगायची, शंभरापैकी. डॉक्टरांचं म्हणणं, खचलेला माणूस पुढं औषधं धड घेत नाही आणि दुसऱ्याचं हृदय वाया घालवतो. सलग तीन दिवस उभारी चाळिसाखाली गेली की नाव यादीतून बाजूला.

हणमंतचा नंबर तिसरा. परवा अडतीस, काल चौतीस. आज शेवटची संधी.

"मस्त म्हणा. लग्नातल्यावानी."

"आपल्या लग्नात मी रडलोय, कला."

"मग शेजाऱ्याच्या लग्नातल्यावानी!"

आठ वाजले. हिरवा दिवा लागला.

"नमस्कार हणमंतराव. आज कसं वाटतंय?"

"बरं हाय."

आता इचलकरंजीत 'बरं हाय' म्हणजे काहीही असतं. चितेवर ठेवला तरी माणूस तेच सांगंल. पण डबीला कुठली इचलकरंजी? आकडा उमटला, एकतीस.

"आणखी काही सांगाल? एक मिनिट आहे."

"मस्त! एकदम झकास!"

सत्तावीस. कलावतीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

हणमंतचं टाळकं सरकलं. जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेला, आवाज चढला की चढलाच.

"ऐक, मुडद्या! तीन दिसामागं बायपासला एक पोरगं गाडीवरनं पडून गेलं. बावीस वर्साचं. बातमी ऐकून मला पयलं काय सुचलं ठावं हाय? त्याचा रक्तगट कंचा आसंल! त्याची आई तिकडं ऊर बडवतीया, आन् मी हितं रक्तगट इच्यारतोय! तवापासनं घास उतरंना. लाज वाटतीया, तुझ्या आयला! तरीबी जगायचंय मला. लई जगायचंय!"

तो मटकन खाली बसला. छातीचा भाता नुसता वरखाली. आकडा हलला. चव्वेचाळीस. सत्तावन्न. अडुसष्ट.

"धन्यवाद हणमंतराव. तुमचं नाव यादीत कायम आहे."

दिवा विझला. कलावती एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. तिनं त्याला पाणी पाजलं, पाठ चोळली.

"सा महिन्यात येवढा आकडा आला नव्हता! उद्याबी आसंच बोला. चांगल्या शिव्या घाला. आन् त्या पोराचं परत सांगा, त्येच भावलं बघा त्याला."

हणमंतनं फुलपात्र खाली ठेवलं. उद्या परत? परवाही? रोज आठच्या ठोक्याला त्या पोराला गाडीवरनं पाडायचं?

"कला," तो हळूच म्हणाला, "आजची लाज खरी हुती गं. उद्या आकड्यासाठी काढली, तर नवं काळीज बसवायचं तरी कुणात?"