कनात्नाया गल्लीची सहा घरं

कपितोलिना अर्खिपोव्हनाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अकरा ऑर्किडं होती. बाहेर उणे बावीस, आत हीटरची ऊब. भूगोलाची मास्तरीण म्हणून निवृत्त झाल्यावर तिने दोनच नाद लावून घेतले होते: ही फुलं, आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या खालच्या वस्तीचा इतिहास. वेर्खोलुझ गावाचा तो भाग बुडून साठहून अधिक वर्षं झाली होती. कोणत्या घरात कोण राहायचं, ते तिने चिकाटीने शोधून काढलं होतं. फक्त कनात्नाया गल्लीचं पान कोरं होतं. तळमजल्यावरच्या तैसिया साव्वेव्हना त्याच गल्लीतल्या. पण विषय काढला, की त्या उठून जात.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पाणी घालताना कपितोलिनाला डांबराचा वास आला. उन्हात तापलेल्या दोरखंडाला येतो तसा, मंद. एकेक कुंडी नाकाशी धरत ती पांढऱ्या ऑर्किडपाशी थांबली. या जातीला वास नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिने वहीत तारीख घातली. लिहिलं: डांबर.

दुसऱ्या दिवशी त्याच फुलांना मेणाचा वास आला. मग काळ्या पावाचा. मग घोड्याच्या घामेजल्या पाठीचा. वास अर्धा तास रेंगाळे आणि विरून जाई. तेवढा वेळ तिला खुर्चीतून उठावंसं वाटत नसे. पापण्या जडावत, आणि बाहेरचा बर्फ कुठेतरी फार लांब पडत राही.

पाचव्या दिवशी ती वही घेऊन तळमजल्यावर गेली.

“डांबर, मेण, पाव, घोडा, आज धुरावलेला मासा,” तिने वाचून दाखवलं. “माझं नाक बिघडलंय की डोकं, तेवढं सांगा.”

म्हातारीने चहाचा कप खाली ठेवला.

“नाक शाबूत आहे तुझं. डांबर म्हणजे दोरखंडवाला येफीम. मग मेणबत्तीवाल्या बहिणी, मग पावाची भट्टी, मग टांगेवाला. आणि मासे धुरावणारी लुकेर्या. मेली शिव्या काय एकेक द्यायची!” त्या हसल्या आणि एकदम थबकल्या. “कपा, ही ओळीने घरं आहेत गं. नदीकडून वर.”

“आणि पुढचं?”

“पुढचं आमचं.”

सकाळी त्या काठी टेकत चार मजले चढून आल्या. डोक्याला सणाचा रुमाल होता. दहाच्या सुमारास फुलांमधून गवतात पिकत घातलेल्या सफरचंदांचा वास दरवळला. त्यांनी डोळे मिटले.

“बाबा म्हणाले, तुम्ही ट्रकमध्ये बसा, गाय घेऊन मी मागून येतोच. नऊ वर्षांची होते मी. पाणी चढलं, ते काही आले नाहीत. सगळे म्हणाले, दुसरीकडे घर केलं असेल त्याने. मीही तेच धरून बसले. जन्मभर राग धरला, कपा.”

कपितोलिनाने त्यांचा हात हातात घेतला. पान भरलं होतं, पण तिला आनंद होईना.

“तुमच्या घरानंतर काय होतं?”

“काही नाही. गल्ली संपायची. मग चढ.”

“आणि चढावर?”

“तेव्हा रान होतं.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “आता आपली इमारत आहे.”

सातव्या दिवशी फुलांना कसलाच वास नव्हता. तैसिया साव्वेव्हना मात्र आठ वाजताच येऊन बसल्या होत्या, केस नीट विंचरून.

फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरची अन्फीसा होती.

“जिन्यात कुणी सफरचंदं सांडलीत का गं? मघाशी खाली घमघमत होतं, आता माझ्या दारात.”

कपितोलिनाने फोन ठेवला. जिन्यातल्या सफरचंदांच्या वासाचं तिने म्हातारीला सांगितलं.

“सावकाश येतील,” म्हातारी म्हणाली. “पाय अधू होता त्यांचा.”

“तैसिया साव्वेव्हना, नको.”

“कडी काढ ना, कपा.”

कपितोलिनाने नजर चुकवून खिडकीकडे पाहिलं. ऊन चांगलं वर आलं होतं. पांढऱ्या ऑर्किडची सातही फुलं उजेडाकडे पाठ फिरवून दाराकडे बघत होती.